वहीतलं गाणं आणि गळ्यातलं गाणं

१९०३ साल. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातलं हॅम्ब्रिज गाव. सेसिल शार्प तिथं आपल्या पाद्री मित्राकडे, चार्ल्स मार्सनकडे उतरलेले. बागेत माळी गवत कापता कापता गातोय, ‘द सीड्स ऑफ लव्ह’. शार्पनी चाल टिपली, आणि त्याच संध्याकाळी ती पियानोच्या साथीनं पाहुण्यांपुढे गायलीही गेली. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. कादंबरीत घातलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं!

हा प्रसंग नेहमी कौतुकानं सांगतात. आम्हाला त्यातली घाई खटकते. मार्सनच्या साथीनं काढलेल्या ‘फोक साँग्ज फ्रॉम सॉमरसेट’मध्ये तीच घाई दिसते: चालीला पियानो जोडला, आणि शृंगाराचे शब्द सभ्य करून घेतले. शार्पना ही गाणी शाळाशाळांत पोचवायची होती, हे खरं. आणि न्याय करायचा तर, मूळ शब्द त्यांनी वह्यांत जपले. त्या वह्या केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात आहेत.

आता पर्सी ग्रेंजर बघा. १९०६ मध्ये हा माणूस लिंकनशायरमध्ये मेणाच्या नळकांड्यांचा फोनोग्राफ घेऊन गेला. ध्वनिमुद्रण हळू फिरवून पुन:पुन्हा ऐकलं. काय सापडलं? कडव्यागणिक चाल बदलते. कुठं स्वर लांबतो, कुठं मात्रा वाढते, कुठं एखादी हरकत. बंदिश ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल नाही. पण शार्पच्या पद्धतीत एका चालीला बहुधा एकच स्वरलेखन, आणि बाकीची कडवी त्यात बसवायची.

शार्पचा आक्षेप असा, की यंत्रापुढे गायक बुजतो, आणि कानाला जो परिणाम जाणवतो तोच कागदावर यावा. आक्षेप पोकळ नाही. तरी जोसेफ टेलर यांची १९०८ ची ध्वनिमुद्रिका ऐका. वय पंच्याहत्तरीच्या घरात, आवाज हलका, आणि ओळ संपताना स्वर असा काही वळतो की वही तिथं हात टेकते. बुजलेला माणूस असा गात नाही.

ग्रेंजरनीही पुढे या चाली वाद्यमेळात घातल्याच. पण १९३७ च्या ‘लिंकनशायर पोझी’तला प्रत्येक भाग त्यांच्या लेखी त्या त्या गायकाचं व्यक्तिचित्र होता. त्यातल्या ‘लॉर्ड मेलबर्न’मध्ये तर काही जागी ताल बांधलेलाच नाही, स्वर किती वेळ धरायचा ते बँडमास्तरनं हातानं दाखवायचं.