टीएम आणि ‘वजा पाच’

“टीएममधून ५° से. वजा करून ॲनीलिंग तापमान घेतले” हे वाक्य प्रबंधांत आजही निःशंकपणे लिहिले जाते. टॅक पॉलिमरेजच्या व्यवहारातून आलेला हा संकेत फ्युजन वा क्यू५ यांस लावणे युक्त नव्हे. या विकरांना डीएनए धरून ठेवणारा एक जादा खंड जोडलेला असतो. प्रायमर साच्यावर अधिक तापमानासही टिकतो. म्हणूनच २० न्यूक्लिओटाइडांहून लांब प्रायमरांसाठी, दोहोंतील कमी टीएममध्ये ३° मिळवावेत, असा फ्युजनचा नियम आहे.

पण कोणता टीएम? ब्रेस्लॉअर यांच्या १९८६ च्या कोष्टकाने येणारा आकडा सांतालुसिया यांच्या १९९८ च्या कोष्टकाने येणाऱ्या आकड्याहून बहुधा बराच मोठा असतो. एकाचे गणित आणि दुसऱ्याचा नियम घेतला, की ‘अधिक तीन’ला अर्थ उरत नाही. दोष मात्र विकराच्या माथी!

शिवाय ‘उच्च अचूकता’ ही अक्षरे उतरविण्यातली, जागा निवडण्यातली नव्हे. भलत्या जागी बसलेल्या प्रायमरापासूनची प्रतही हा विकर तितक्याच निष्ठेने काढतो, आणि विद्यार्थी तीच क्लोन करून बसतो. टीएमची गणनपद्धती, बफर व ग्रेडियंटचे जेल-चित्र यांवाचून दिलेला तापमानाचा आकडा परीक्षकांनी स्वीकारू नये.