‘प्रतिकारशक्ती’ : एका पारिभाषिक संज्ञेची मर्यादा

मराठी वैद्यकीय लेखनात ‘प्रतिकारशक्ती’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, तिच्या घटकांकडे सहसा लक्ष जात नाही. या समासाचे उत्तरपद ‘शक्ती’ हे आहे. शक्ती मराठीत वाढते, घटते, खर्ची पडते, टॉनिकाने भरून येते. साहजिकच संज्ञेबरोबर एक मापही मनात येते : कमी ती वाईट, अधिक ती चांगली. बालकांच्या आतड्यांच्या व यकृताच्या विकारांविषयीचे आजचे ज्ञान या मापात बसते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

1882 साली मेसिना येथे मेचनिकोव्ह याने तारामाशाच्या डिंभात काटा टोचला, तेव्हा भटक्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या त्याला दिसल्या. भक्षकपेशींच्या या कार्यासाठी त्याला 1908 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी जंतूंच्या सर्वसामान्य खुणा ‘टोल’ वर्गातील ग्राहींच्या साहाय्याने ओळखतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. खूण पटली की दाहाला आरंभ होतो. आतड्यात तर असंख्य जंतूंची नित्य वस्ती असते, आणि यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून प्रतिहारी शिरेवाटे येते. तेथे प्रत्येक खुणेला दाहाने उत्तर दिले गेले, तर अवयवच टिकणार नाही. आवर घालणे हाही या यंत्रणेच्या कार्याचाच भाग आहे.

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना होणाऱ्या नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस या विकारात आतड्याच्या ऊतींचा नाश होतो. प्राण्यांवरील प्रयोगांत टोल-4 या ग्राहीची अतिरिक्त चेतना या नाशास कारण होते, असे आढळले आहे. येथे उणीव शक्तीची नसून संयमाची आहे. मातेच्या दुधाने या विकाराचा धोका कमी होतो.

याहून बोलके उदाहरण क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आनुवंशिक विकाराचे. यात भक्षकपेशी जंतू गिळतात, परंतु त्यांना मारण्यास लागणारी ऑक्सिजनची क्रियाशील संयुगे निर्माण करू शकत नाहीत. अशा बालकाच्या यकृतात गळवे होऊ शकतात, आणि त्याच बालकाच्या आतड्यांत क्रोन रोगासारखा तीव्र दाहही उद्भवू शकतो. मग या बालकाची ‘प्रतिकारशक्ती’ कमी म्हणावी की अधिक? प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच संज्ञेने चुकीचा घडविला आहे.

‘जन्मजात’ या विशेषणाचीही अडचण आहे. ‘जन्मजात हृदयविकार’ म्हणजे जन्मापासून असलेला दोष. त्यामुळे ‘जन्मजात प्रतिकारशक्तीचा विकार’ असे लिहिले की, जन्मजात काय, यंत्रणा की विकार, हे कळत नाही. चरकाने बलाचे सहज, कालज आणि युक्तिकृत असे तीन प्रकार मानले आहेत. त्यांतील ‘सहज’ हा शब्द येथे अधिक नेमका ठरतो. मराठीत ‘सहज’ म्हणजे विनासायास, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो निराधार नाही. तथापि ‘सहजप्रवृत्ती’ या रूढ शब्दात मूळ अर्थ शाबूत आहे. म्हणून ‘सहज प्रतिकारयंत्रणा’ ही संज्ञा, व तिच्या क्रियेस ‘प्रतिसाद’ हा शब्द, स्वीकारणे इष्ट होय. यंत्रणा बिघडते, अतिरेक करते, आवरावी लागते. ‘शक्ती’च्या बाबतीत ही भाषा संभवत नाही.

हा वाद निव्वळ शब्दांचा नाही. क्रोन रोगाने पीडित बालकाला दाह आवरणारी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. ‘ही औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात’ एवढेच वाक्य आईबापांच्या कानी पडले, तर उपचार म्हणजे अपकार असेच त्यांना वाटणार. या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो हे खरे, आणि तेही सांगितलेच पाहिजे. परंतु अनावर झालेला प्रतिसाद काबूत आणणे हा उपचाराचा हेतू सांगण्यास सध्याची संज्ञा असमर्थ आहे. औषध चालू ठेवावे की बंद करावे, याचा निर्णय घरात मराठीतूनच होतो. परिभाषाकारांनी हे ध्यानी घ्यावे.