माणूस आधी की ॲप आधी?

आता दोन फोन शेजारी ठेवून बघू. २००९ च्या पाम प्रीमधलं 'सिनर्जी' गूगल, फेसबुक आणि ऑफिसच्या खात्यांतली नावं जुळवून एका माणसाची एकच नोंद करायचं. एसएमएस आणि चॅटही एकाच संवादात दाखवायचं. २०१० च्या विंडोज फोनचं 'पीपल हब' म्हणजे नावावर बोट ठेवलं की नंबर, फोटो, फेसबुकवरच्या पोस्ट, सगळं समोर. दोन्हींत माणूस आधी येतो, कंपनी नंतर; हे आम्हाला मोलाचं वाटतं. पण मेख तिथेच होती. मजकूर फेसबुककडेच राहिला. २०१५ मध्ये फेसबुकनं जोडणीचे नियम बदलले आणि हबमधलं फेसबुक बंद पडलं. म्हणून आज आपण पुन्हा आठवत बसतो: त्यानं ते व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, की मेलवर?