कुठला महाशीर? : गळ टाकणाऱ्यांच्या नोंदी आणि एकाच नदीचे दोन निष्कर्ष

पीएचडीच्या पहिल्या वर्षी आमच्या जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर सादर केला होता. विषय होता कावेरीतला महाशीर आणि हौशी गळ टाकणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदी. पेपर मला फार आवडला होता. शेवटच्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, 'संवर्धनाची यशोगाथा'. सादरीकरण संपल्यावर एका सीनिअर ताईने एकच प्रश्न विचारला, "कुठला महाशीर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "महाशीर म्हणजे... टॉर," असं काहीतरी मी पुटपुटले. ती म्हणाली, "ह्याच लोकांचा त्याच वर्षीचा दुसरा पेपर वाच." तो वाचला आणि माझी शेवटची स्लाइड कशी चुकली होती ते कळलं. आजची पोस्ट त्या दोन पेपरांवर. नेट-सेट, पेट देऊन संशोधनाकडे येणाऱ्यांनी ही जोडी एकदा तरी शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

आधी मासा आणि माणसं

महाशीर हा कार्प कुळातला, वाहत्या पाण्यातला, ताकदवान मासा. गळाला लागला की दोरी ताणून असा धावतो, की गळ टाकणारे त्याच्यासाठी परदेशातून येतात. हे वेड जुनं आहे. एच. एस. थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 चं. 1946 मध्ये जे. डीवेट व्हान इंगेन यांनी कावेरीची उपनदी काबिनी इथे 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर गळाने पकडला. कावेरीतला हा राक्षसी मासा म्हणजे डोक्यामागे बैलासारखं वशिंड असलेला, सोनेरी झाक असलेला महाशीर.

पुढे कर्नाटकात कावेरीकाठी अँगलिंग कॅम्प उभे राहिले. नियम एकच, 'पकडा आणि सोडा'. गळाला नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा लावायचा, मासा आला की वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. गालिबोरे हा त्यातला एक कॅम्प. तिथे कोणी किती तास गळ टाकला आणि काय मिळालं, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. गळ टाकणारा माणूस मित्रांना काय दाखवतो? सगळ्यात मोठा मासा. दोन्ही हात पुढे करून, मासा कॅमेऱ्याजवळ धरून. दिवसभर बसून काही मिळालं नाही, त्या दिवसाचा फोटो कोणी काढत नाही. म्हणून नुसते फोटो जमवून 'नदीत मासे किती' हे सांगता येत नाही. कॅम्पच्या वहीत मात्र रिकाम्या तासांचाही हिशेब असतो. त्यामुळे 'दर तासाला किती मासे' हे गुणोत्तर काढता येतं. मत्स्यशास्त्रात त्याला कॅच पर युनिट एफर्ट, थोडक्यात सीपीयूई म्हणतात. हौशी नोंद आणि डेटा यांच्यात फरक पडतो तो इथे, मिळालेल्या माशांच्या शेजारी घातलेला वेळ लिहिलेला असण्यात.

पहिला पेपर

एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांचा हा पेपर 'अ‍ॅक्वाटिक कॉन्झर्व्हेशन' या नियतकालिकात 2015 मध्ये आला. गालिबोरेच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. गळ टाकण्याचे 23,620 तास आणि 6,161 महाशीर. म्हणजे सरासरी पावणेचार तासांच्या आसपास एक मासा. सरकारी सर्वेक्षणाला एवढे तास नदीवर घालवणं परवडणार नाही, आणि हे काम लोकांनी हौसेने, पदरचे पैसे खर्चून केलं!

निष्कर्ष असा : काळानुसार दर तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वाढली आणि माशांचं सरासरी वजन घटलं. मासे जास्त आणि लहान, म्हणजे नवी पिढी भरपूर येते आहे. कॅम्पमुळे त्या पट्ट्यावर राखण होती, सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना आळा बसत होता. तेव्हा 'पकडा आणि सोडा' या पद्धतीचा महाशीरला फायदा झाला, असा अर्थ निघतो.

पद्धत स्वच्छ आहे, आकडेमोड बरोबर आहे. मी त्यावर यशोगाथा लिहिली, ती उगाच नव्हे.

दुसरा पेपर

याच तिघांचा दुसरा पेपर 'एन्डेंजर्ड स्पिशीज रिसर्च'मध्ये, त्याच वर्षी. नदी तीच, काळ तोच, गळ टाकणाऱ्यांच्याच नोंदी. फरक एवढाच, की इथे 'महाशीर' हा एक गट न धरता दोन प्रकार वेगळे मोजले : वशिंडाचा आणि निळ्या परांचा.

आणि चित्र उलटं झालं. वाढत होता तो निळ्या परांचा. वशिंडाचा महाशीर सुरुवातीला चार-पाच माशांमागे एक असा मिळत होता, 2012 पर्यंत तो दोनशेहून अधिक माशांमागे एक इतका विरळ झाला. शिवाय जे थोडे मिळत होते, त्यांचं सरासरी वजन वाढत गेलं होतं.

यातली शेवटची गोष्ट फसवी आहे. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने मासा मोठा मिळतो म्हणजे चैन. पण कोकणातलं एखादं गाव डोळ्यापुढे आणा, जिथली तरुण घरं मुंबईला गेली आणि शाळा पटसंख्येअभावी बंद पडली. त्या गावाचं सरासरी वय दरवर्षी वाढतच जाणार. त्याला आपण गावाची भरभराट म्हणत नाही. वशिंडाच्या महाशीरचं तसंच झालं. म्हातारे मासे उरले होते, पिल्लं येत नव्हती.

दोन पेपर एकमेकांना खोटं ठरवतात का? नाही. एक बनवलेलं उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी शंभर तासांत 20 निळे आणि 5 वशिंडाचे मिळाले, एकूण 25. शेवटच्या वर्षी शंभर तासांत 49 निळे आणि 1 वशिंडाचा, एकूण 50. 'महाशीर दुप्पट झाले' हे वाक्य खरं आहे. 'एक जात पाचव्या हिश्शावर आली' हेही खरं आहे. अगदी सिम्पसनचा विरोधाभास नव्हे, पण त्याच घराण्यातला प्रकार. बेरीज बरोबर असूनही प्रश्नाचं उत्तर चुकू शकतं, कारण आपण कशाची बेरीज केली हेच ठरवलेलं नसतं.

निळ्या परांचा मासा आला कुठून?

इथे गोष्ट आपल्या दारात येते. निळ्या परांचा हा मासा टॉर खुद्री म्हणून ओळखला गेला. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून या जातीचं वर्णन केलं. म्हणजे हा कृष्णेच्या खोऱ्यातला, दख्खनचा महाशीर. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात त्याचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं आणि तिथली बोटुकली वेगवेगळ्या राज्यांतल्या पाण्यात सोडली गेली. कावेरीही त्यात आली.

हेतू चांगलाच होता. महाशीर कमी होतोय, तर महाशीर सोडूया. पण त्या वाक्यातही तोच एक शब्द होता, 'महाशीर'. जो सोडला तो आणि जो कमी होत होता तो वेगळे होते. पेपरात झालेली बेरीज त्याआधी नदीत होऊन गेली होती.

माझे आक्षेप

दुसरा पेपर पहिल्यापेक्षा चांगला आहे. पण म्हणून तो डोळे मिटून घ्यायचा का? चार गोष्टी मला खटकतात.

एक, कारण. निळा वाढला आणि वशिंडाचा घटला, हे नोंदी दाखवतात. निळ्यामुळे घटला, हे त्या दाखवत नाहीत. त्याच काळात कावेरीवर धरणांचा प्रवाहावर परिणाम होता, वाळूउपसा होता, सुरुंगाची मासेमारी होती. अन्नासाठी स्पर्धा, अंडी घालण्याच्या जागा, संकर, यातलं नेमकं काय घडलं हे गळाच्या वहीतून कळणार नाही. परक्या जातीवर संशय घेणं रास्त आहे. पण संशय आणि निकाल यांतलं अंतर वाचकाने स्वतः राखायला हवं.

दोन, गळ हा निःपक्षपाती नमुना घेत नाही. नाचणीचा गोळा दोन्ही जातींना सारखाच आवडतो का? लहान आणि मोठा मासा सारख्याच सहजतेने लागतो का? कॅम्पचे वाटाडे पाहुण्याला मासे असलेल्या डोहावरच नेणार, कारण पाहुणा खूश व्हायला हवा. अशाने नदीत मासे कमी झाले तरी त्या ठरावीक डोहांवर सीपीयूई बराच काळ टिकून राहू शकतो. तसं असेल तर प्रत्यक्ष घसरण नोंदीत दिसते त्याहून वाईट असू शकते.

तीन, सोडलेला मासा पुन्हा पकडला जातो. माशाला खूणचिठ्ठी लावलेली नसेल, तर दहा नोंदी म्हणजे दहा मासे की एकच मासा दहा वेळा, हे सांगता येत नाही. जात दुर्मिळ झाली की ही चूक जास्त बोचते.

चार, सुरुवातीचं वर्ष. नोंदी 1998 पासूनच्या, बोटुकली त्याआधीच सोडलेली. म्हणजे आलेखाचं पहिलं टोकसुद्धा बिघडलेल्या नदीचंच आहे. डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये हीच अडचण मांडली होती : प्रत्येक पिढी आपल्या काळात पाहिलेलं तेच मूळ समजते आणि त्याच्या तुलनेत घसरण मोजते. त्याआधीचं काय, यासाठी पुन्हा जुने फोटो आणि भिंतीवर टांगलेले भुसा भरलेले मासे यांच्याकडेच जावं लागतं. वर मी फोटोंना नावं ठेवली, पण इथे ते उपयोगी पडतात. त्यावरून किती मासे होते हे कळत नाही, कुठला होता हे मात्र कळतं.

नाव नसलेला मासा

सगळ्यात चटका लावणारी बाब पुढेच आहे. जगभर ज्याच्यासाठी लोक येत होते, त्या वशिंडाच्या महाशीरला तोवर पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. 2015 च्या दुसऱ्या पेपरच्या शीर्षकातही त्याचा उल्लेख नुसता 'टॉर' जातीचा मासा एवढाच आहे. आणि नाव नाही तर संकटग्रस्त यादीत नोंद कशी होणार?

2018 मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या पेपरने हा गुंता सोडवला. त्याच्या लेखकांत पुण्याशी संबंधित संशोधक नीलेश डहाणूकरही आहेत. केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून 2007 मध्ये लहान नमुन्यांवरून वर्णन झालेला टॉर रेमादेवी आणि हा महाकाय मासा एकच, असं त्यांनी दाखवलं. मोयार नदीत तो अजून तग धरून होता. नाव मिळालं आणि त्याच वर्षी आययूसीएनच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. वर्गीकरणशास्त्र म्हणजे जुनाट, कंटाळवाणा विषय, असं आपण एमएस्सीला म्हणतो ना? इथे संरक्षणाचा पहिला कागदच त्यावर अडला होता.

आपल्यासाठी काय?

गेल्या वर्षी माझ्या पायलट सर्वेक्षणासाठी मी पुण्याजवळच्या एका धरणावर गळ टाकून बसलेल्यांच्या नोंदी घेत होते. एक काका म्हणाले, "आज चिलापीच, दुसरं काय." मी तक्त्यात लिहिलं, 'चिलापी, 7'. घरी येऊन फोटो पाहिले तर सातही एकसारखे दिसत नव्हते. माझ्या तक्त्यात प्रकारासाठी रकानाच नव्हता. ताईचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. पुढच्या रविवारी तक्ता बदलला : घातलेले तास, रिकाम्या हाताने गेलेलेही लोक, त्यांनी सांगितलेलं नाव जसंच्या तसं, मी ओळखलेली जात वेगळ्या रकान्यात आणि प्रत्येक माशाचा मोजपट्टीसह फोटो. काम तिप्पट झालं. काकांनी विचारलं, "मॅडम, माशाचं आधार कार्ड काढताय काय?" म्हटलं, तसंच समजा.

एक सांगते, पिंडर आणि सहकाऱ्यांना यासाठी मानायला हवं. पहिल्या पेपरवर थांबणं सोपं होतं. गोड निष्कर्ष, सगळे खूश. त्यांनी त्याच नदीकडे परत जाऊन कडू उत्तर छापलं. आणि तसं करता आलं, कारण कुणीतरी वहीत नुसतं 'महाशीर' न लिहिता कुठला तेही लिहून ठेवलं होतं. बेरीज नंतर कधीही करता येते. एकदा बेरीज करून मूळ नोंद टाकून दिली, की वजाबाकी करता येत नाही.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना आपल्या मुख्य शब्दाखाली एक रेघ मारा. 'मासे', 'शेतकरी', 'रुग्ण', 'विद्यार्थी', जो असेल तो. आणि त्यापुढे लिहा : कुठला? उत्तर देता येत नसेल, तर डेटा गोळा करायला अजून सुरुवात करू नका.