खिडकीजवळची मुलगी

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ मध्ये जपानी भाषेत प्रसिद्ध झाले आणि नॅशनल बुक ट्रस्टमुळे ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत पोहोचले. आपल्याकडे ते बहुधा शिक्षणविषयक ग्रंथ म्हणून वाचले जाते. तोक्योतील तोमोए शाळेत आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरत. दिवसाचा आरंभ कोणत्या विषयाने करावा हे मूल स्वतः ठरवी. जेवणात काही समुद्राकडचे व काही डोंगराकडचे असावे, असा दंडक होता. या गोष्टींची यादी केली की सर्वांगीण शिक्षणाची एक पद्धतच हाती लागल्यासारखे वाटते. वस्तुतः त्या यादीतून पुस्तकाचे मर्म निसटलेले असते.

या आठवणींचा कणा पद्धती हा नसून वडीलधाऱ्यांचा संयम हा आहे. पहिल्या शाळेने मुलीला काढून टाकले, ही गोष्ट आई ती वीस वर्षांची होईपर्यंत तिला सांगत नाही. मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्या भेटीत चार तास तिचे बोलणे केवळ ऐकून घेतात. शौचकूपात पडलेली पैशांची पिशवी शोधण्यासाठी ती मैला उपसू लागते, तेव्हा ते रागावत नाहीत आणि मदतीलाही धावत नाहीत. काम झाल्यावर सारे पूर्ववत करावे, एवढेच सुचवितात. त्यांची योजकताही अशीच अबोल आहे. खुंटलेल्या अंगाच्या ताकाहाशीला जिंकता यावे असेच क्रीडादिनाचे खेळ त्यांनी आखलेले असतात. त्याचा उच्चार मात्र ते करीत नाहीत.

लेखिकेची निवेदनपद्धती याच संयमाशी इमान राखते. स्वतःविषयी ती तृतीयपुरुषी लिहिते आणि बहुतेक ठिकाणी बालिकेच्या समजुतीची मर्यादा ओलांडत नाही. त्यामुळे युद्धदेखील येथे मोठ्या घोषणांनी येत नाही. स्थानकावरील गोळ्यांचे यंत्र रिकामे राहते, शाळेचा शिपाई सैन्यात जातो; एवढ्यावरून वाचकाने काय ते ओळखावयाचे असते.

मूळ शीर्षकात ‘खिडकीजवळची’ असे विशेषण आहे. रस्त्यावरील वादकांना हाका मारण्यासाठी वर्गाच्या खिडकीशी उभी राहणारी मुलगी त्यातून दिसतेच. शिवाय काम काढून घेऊन खिडकीशेजारी बसविलेल्या, म्हणजेच बाजूस सारलेल्या, नोकरदारांसाठी त्या काळी जपानीत रूढ असलेला शब्दप्रयोगही त्यात ध्वनित होतो. मराठीत केवळ नाव उरले, आणि त्याबरोबर उपेक्षेची ही छाया पुसली गेली. मुख्याध्यापक तिला चांगली मुलगी म्हणतात, तेथील क्रियाविशेषणाचेही असेच आहे. त्याचा रोख ‘फार’ या अर्थाकडे नसून ‘लोकांना काहीही दिसो, मुळात’ या अर्थाकडे आहे. ‘खरोखर’ या शब्दाने केवळ प्रशंसा व्यक्त होते. मुळातील शब्द मात्र एका निवाड्याविरुद्धची साक्ष आहे.

तथापि एक उणीव नोंदवावयास हवी. पहिल्या शाळेतील शिक्षिकेच्या वाट्याला तक्रारीपलीकडे काही येत नाही. तोमोएची पटसंख्या पन्नासच्या आसपास होती. गजबजलेल्या वर्गात एका मुलीचे चार तास ऐकणे त्या शिक्षिकेला कोठून शक्य व्हावे, हा प्रश्न लेखिका उपस्थित करीत नाही. कोबायाशींनी मुलीला दिलेले श्रवण तिने त्या बाईंना नाकारले आहे.

१९३७ मध्ये सुरू झालेली ही शाळा १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली. डबे, झाडे, सभागृह यांपैकी काही उरले नाही. वयाच्या सातव्या वर्षी आपले बोलणे कोणीतरी शेवटपर्यंत ऐकले होते, याचे स्मरण तेवढे उरले. आणि त्याच स्मरणातून हे पुस्तक लिहिले गेले.