‘हरवलेला खलाशी’ : स्मृती, क्रियापदाचा काळ आणि थॅलॅमस

ऑलिव्हर सॅक्स (१९३३–२०१५) या मज्जाविकारतज्ज्ञाचा ‘द लॉस्ट मॅरिनर’ हा निबंध १९८५ च्या ‘द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट’ या संग्रहात समाविष्ट आहे. त्यातील जिमी हा नौदलातून निवृत्त झालेला खलाशी. १९७५ साली त्याचे वय ४९ होते. त्याच्या मते मात्र साल १९४५ आणि वय १९. अतिमद्यपानातून उद्भवलेल्या कोर्साकॉव्हच्या विकाराने नवे काही स्मरणात ठेवण्याची त्याची शक्ती नष्ट झाली होती.

निबंधातील सर्वांत मोलाचे निरीक्षण क्रियापदांविषयीचे आहे. शाळेच्या आठवणी जिमी भूतकाळात सांगतो. नौदलाचे दिवस येताच तो वर्तमानकाळ योजू लागतो. हा ऐतिहासिक वर्तमान नव्हे, हे सॅक्स यांनी अचूक हेरले आहे. ‘महाराज पेटाऱ्यात बसतात आणि आग्र्याहून निसटतात’ असे म्हणणाऱ्या मराठी वक्त्याला ती घटना १६६६ सालची आहे याचे भान असते. जिमीला तसे भान नाही. त्याचे व्याकरण शाबूत आहे; परंतु ज्या क्षणाच्या आधारे काळाचे रूप निवडले जाते, तो बोलणाराचा ‘आता’च तीस वर्षे मागे खिळून राहिला आहे.

कारणमीमांसेत मात्र निबंध उणा पडतो. सॅक्स सारा दोष मॅमिलरी पिंडांच्या नाशावर ठेवतात. व्हिक्टर, ॲडम्स व कॉलिन्स यांनी १९७१ सालीच दाखवले होते की, हे पिंड विकृत असूनही काही रुग्णांची स्मृती टिकून होती. त्यांनी थॅलॅमसच्या पृष्ठमध्य केंद्रकाकडे बोट दाखवले. पुढे २००० साली हार्डिंग, हॅलिडे प्रभृतींनी या मताचीही दुरुस्ती केली. मॅमिलरी पिंड व पृष्ठमध्य केंद्रक यांतील पेशीनाश स्मृतिभ्रंश नसलेल्या मद्यपींतही आढळला. स्मृतिभ्रंश झालेल्यांत विशेष आढळला तो थॅलॅमसच्या अग्र केंद्रकांचा ऱ्हास. हिप्पोकॅम्पसकडून मॅमिलरी पिंडांमार्गे येणारे संदेश याच केंद्रकांतून मस्तिष्काच्या बाह्यकाकडे जातात. थॅलॅमस हे आठवणींचे कोठार नव्हे, तो त्यांच्या वाटेवरील सांधा आहे. म्हणूनच जुनी भाषा टिकते आणि नवा दिवस टिकत नाही.

हा तपशील केवळ वैद्यकाचा नाही. प्रार्थनामंदिरात तल्लीन झालेला जिमी पाहून सॅक्स मज्जाशास्त्राच्या पलीकडील आत्म्याकडे वळतात. ते दृश्य हृद्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष घाईचा आहे. प्रार्थनेचा क्रम ठरलेला असतो. तिथे एक वचनच पुढच्या वचनाला हात देते आणि काल काय घडले हे कोणी विचारीत नाही. सांधा तुटलेल्या माणसालाही अशा बांधीव क्रमात सलगपणे वावरता यावे, यात शरीरशास्त्राचा पराभव नाही आणि माणसाची अप्रतिष्ठाही नाही. जिमीची माणुसकी सिद्ध करण्यासाठी त्याच्या मेंदूकडे पाठ फिरविण्याची आवश्यकता नव्हती. क्रियापदाचा काळ इतक्या बारकाईने ऐकणाऱ्या लेखकाने कारणाचा शोधही तितक्याच धीराने घेतला असता, तर हा उत्कृष्ट निबंध अधिक न्याय्य झाला असता.