चौलचा वेढा : दोन वृत्तांत आणि न मोजलेली माणसे

ऑक्टोबर महिन्यात आपल्या धर्मग्रामांत जपमाळेची भक्ती होते आणि ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांटोच्या समुद्रात झालेल्या युद्धाची आठवण प्रवचनांतून निघते. त्याच वर्षी, त्याआधी अवघे अडीच महिने, आपल्या कोकणकिनाऱ्यावरील चौलचा वेढा उठला होता. लेपांटो आपणांस ठाऊक आहे, चौल नाही. याचा दोष केवळ आपल्या विस्मरणाला देऊन भागणार नाही. चौलची कथा ज्या रीतीने सांगितली गेली, त्या रीतीचीही पारख करावयास हवी.

सोलापूरकरांनी हे प्रकरण परक्या किनाऱ्याचे मानू नये. ज्या भुईकोट किल्ल्यासाठी अहमदनगरचे निजामशहा आणि विजापूरचे आदिलशहा वर्षानुवर्षे झगडले, तो चाँदबिबीच्या विवाहात आंदण म्हणून विजापूरकडे गेला आणि दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ही घराणी एका बाजूने उभी राहिली. पुढे १५७० च्या अखेरीस त्यांनी पोर्तुगीजांवर एकाच वेळी मोहीम काढली. चाँदबिबीचा पती अली आदिलशहा गोव्यावर चालून गेला. तिचा भाऊ मुर्तजा निजामशहा चौलवर. कालिकतचा सामुरी समुद्रावरून त्यांच्या मदतीस होता.

पोर्तुगीजांचे चौल म्हणजे आजचे रेवदंडा. त्या वेळी शहराला पुरती तटबंदी नव्हती. घरे आणि मठ हेच मोर्चे झाले आणि लढाई गल्लीगल्लीतून झाली. कित्येक महिने तोफा चालल्या. जून १५७१ च्या अखेरीस निजामशाही फौजेने निकराचा हल्ला केला; तो परतवला गेला आणि जुलैत तह झाला.

या प्रसंगाची दोन कथने आपल्यापुढे आहेत. पहिले पोर्तुगीज बखरकारांचे. त्यांत शत्रूचे सैन्य लाखाच्या वर जाते, रक्षक हजाराच्या आसपास राहतात आणि विजयाचे श्रेय सरदारांच्या शौर्याला व ईश्वरी कृपेला मिळते. दुसरे कथन फेरिश्ताचे. तो तरुणपणी अहमदनगरच्या दरबारी होता. पुढे विजापूरच्या आश्रयाने त्याने आपला फारसी इतिहास लिहिला. त्याच्या मते निजामशाही सरदार पोर्तुगीजांच्या नजराण्यांना, विशेषतः मद्याला, भुलले आणि वेढा सैल पडला.

पहिला वृत्तांत भक्तीचा आणि दुसरा व्यवहाराचा, असे वरवर वाटते. आमच्या मते दोहोंची जातकुळी एकच आहे. जिंकलेल्याने ‘देव आमच्या बाजूस होता’ म्हणावे आणि हरलेल्याने ‘आमच्यातच फितुरी झाली’ म्हणावे, म्हणजे दोघांचाही मान राहतो. मात्र दोघांच्याही हातून समुद्र निसटतो. गोव्याहून व इतर ठाण्यांहून माणसे, दारूगोळा आणि धान्य घेऊन गलबते येत राहिली. सामुरीचे मलबारी आरमार खाडीत शिरूनही तो मार्ग कायमचा बंद करू शकले नाही. ज्या शहराच्या पाठीशी पाणी मोकळे आहे, त्याला केवळ जमिनीवरून वेढा घालणे म्हणजे अर्धे दार लावणे होय. एवढी साधी गोष्ट वीररसाच्या भरात मागे पडते.

याहून गंभीर उणीव माणसांची आहे. पोर्तुगीज वृत्तांत आपल्या मृतांचा आकडा चारशेच्या घरात देतात. हिंदी माणसे त्यांखेरीज, एवढे नोंदवून लेखणी पुढे सरकते. ती किती होती, कोण होती? खंदक खणणारी, गोळे वाहणारी, घर पडल्यावर शेजारच्या घरात लढणारी ही माणसे मोजण्याजोगी वाटली नाहीत. त्यांत या मातीतले ख्रिस्ती होते, म्हणजे आपलेच पूर्वसूरी. फेरिश्ताच्या नजरेलाही ती पडत नाहीत. त्याचे लक्ष सरदारांवर.

१८७६ साली डॉ. जोझे गर्सन दा कुन्हा या गोमंतकीय कॅथलिक वैद्याने चौल व वसई यांच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पडक्या चर्चमधील शिलालेख आणि थडग्यांवरचे मजकूर त्यांनी जपले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु वेढ्यापाशी त्यांचीही लेखणी बखरकारांच्या वाटेनेच जाते. थडग्यावर कोरलेले नाव इतिहासात येते. ज्याला थडगेच लाभले नाही, तो बाहेर राहतो.

मग त्या माणसांची नोंद कोठेच नाही काय? आहे, ती खाडीपलीकडे कोर्लईत आहे. १७४० साली पोर्तुगीज चौल सोडून गेले, पण तेथील ख्रिस्ती रयत राहिली. कोर्लईच्या कॅथलिक घरांत आजही एक बोली ऐकू येते. तिचे शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीकडे झुकलेली. क्रियापद शेवटी येते, आपल्यासारखे. बखरींनी गाळलेली माणसे या बोलीत टिकून राहिली. त्यांनी राज्यकर्त्यांकडून शब्द घेतले आणि शेजाऱ्यांकडून ते बोलण्याची रीत घेतली.

आपण मराठी कॅथलिक अशा वेढ्याची कथा वाचतो, तेव्हा आपण कोणत्या बाजूचे, हा प्रश्न मनात येतो. सोलापूरचा वाचक मातीने वेढा घालणाऱ्यांच्या मुलखातला आणि श्रद्धेने वेढल्या गेलेल्यांचा. त्याने यांपैकी एक बाजू निवडावी, असे आम्हांस वाटत नाही. कथनाची कसोटी त्याने वेगळी ठेवावी. जे कथन दोन्ही बाजूंच्या अनाम मृतांना जागा देते ते थोर. जे केवळ ध्वज मोजते ते अपुरे, मग तो ध्वज क्रूसाचा का असेना. चौलविषयी असे कथन मराठीत अद्याप लिहिले जावयाचे आहे. ते कोर्लईच्या एखाद्या घरातून यावे, अशी आमची इच्छा आहे.